अर्थबोध नाही

"सलाम कसला करतोस? जोहार घाल."

डिपोटींचा कारकून असं बोलला तेव्हा माझ्या आबांचा उजवा हात कपाळाशी होता. बोटं सरळ. टाचा जुळलेल्या. अंगात पलटणीचा कोट, त्याची दोन बटणं गेलेली. बावीस वर्षं आबांनी पलटणीत काढली होती. गोऱ्या साहेबापुढंही ते कधी वाकले नव्हते. सलाम ठोकायचे, आणि गोरा साहेब उलट सलाम करायचा.

आबांचा हात तसाच राहिला. त्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"बहिरा आहेस का? साहेब आलेत. जोहार घाल."

चिंचेखाली खुर्ची मांडली होती. गावातल्या मोठ्या शाळेतून आणलेली. आमच्या शाळेला खुर्ची नव्हती. शाळेच्या परीक्षा घेणारे सरकारी डिपोटी तीवर बसून उपरण्यानं मान पुसत होते. त्यांनी आबांकडं बघितलंही नाही. बाजूला मोठ्या शाळेचे हेडमास्तर उभे होते. ते चिंचेच्या पाल्याकडं बघत होते. सावलीत खुर्ची होती, म्हणून माझी चौदा पोरं उन्हात ओळीनं बसली होती.

आबा वाकले. कमरेतून. दोन्ही हात मातीकडं नेले.

"जोहार, मायबाप, जोहार."

आबांना तसं वाकलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. पोरांनीही बघितलं. ओळीतली एक पोर उठून आबांसारखीच वाकायला लागली. तिला वाटलं, परीक्षा सुरू झाली.

मी तिला खाली बसवलं. तेवढंच केलं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

आमचा महारवाडा कल्याणच्या बाहेर, शहाडच्या अंगाला. पुढं उल्हास नदी. गावातून येणारी वाट आमच्यापाशी अरुंद होते, कारण पुढं आमच्याशिवाय कोणी राहत नाही. तिथं सरकारी हुकमानं आमच्या पोरांसाठी एक शाळा निघाली. शाळा म्हणजे कुडाची पडवी. वर झावळ्या. मास्तर म्हणून आबांचं नाव लागलं. पलटणीत ते लिहायला वाचायला शिकले होते. पुस्तकातली बाळबोधही आणि कागदपत्रांतली मोडीही. लहानपणी छावणीत त्यांनी मलाही शिकवलं. माझी आई म्हणायची, पोरीच्या जातीला कशाला. आबा म्हणायचे, पाटी तर एकच आहे, तिला कळत नाही हातात कोण धरतंय.

माझं लग्न झालं. तिसऱ्या वर्षी नवरा पटकीनं गेला. मी परत आबांकडं आले. तोवर आई गेली होती आणि आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. मग आबा पडवीच्या तोंडाशी कोट घालून बसायचे आणि आत शिकवायचे मी. वाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हेडमास्तरांनाही ठाऊक होतं. ते महिन्यातून एकदा यायचे, वाटेवर उभे राहायचे, पोरांचं वाचन तिथूनच ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगलं चाललंय." माणूस वाईट नव्हता. वाटेवरून खाली मात्र कधी उतरला नाही.

पोरं वाचायला लवकर शिकली. पण मला एक गोष्ट खुपायची. ती वाचायची आणि पुढं जायची. गाडी पुलावरून जाते तशी. खाली नदी आहे की नाही, बघायचीच नाहीत.

त्या वर्षी दिवाळी जवळ आली आणि पुस्तकात भाऊबीजेचा धडा आला. लहानसा धडा. मला अजून तोंडपाठ आहे.

'आज भाऊबीज आहे. ताई पहाटे उठली. तिने अंगणात रांगोळी काढली. तिने भावाला पाटावर बसविले. तिने त्याला ओवाळिले. भावाने तिला ओवाळणी घातली. आईने सर्वांस पंचपक्वान्ने वाढिली.'

सगळ्यांनी घडाघडा वाचला. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "ताईनं भावाला कशावर बसवलं?"

"पाटावर!"

"पाट म्हणजे काय?"

सखू उठली. सात वर्षांची असेल. अंगावर आईच्या लुगड्याचं फडकं, नाक सतत वाहतं, पण डोळे असे की बोलताना तुमच्यावरून हलायचे नाहीत.

"पाट म्हणजे दुसरं लगीन, अक्का. माझ्या आत्यानं लावलाय पाट."

"मग त्यावर भावाला कसं बसवणार?"

सखू विचारात पडली. "तेच मला कळंना," ती म्हणाली.

मी हसले. पण हसता हसता थांबले. तिच्या घरात पाट नव्हता. आमच्या कोणाच्याच घरात नव्हता. आम्ही जमिनीवर बसतो. पोरगी तरी काय करणार? तिच्याजवळ त्या शब्दाची जी वस्तू होती ती तिनं पुढं ठेवली.

"आणि पंचपक्वान्ने?"

तिचा भाऊ धोंडी उठला. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. "पंच म्हंजी पाच. पक्वान्न म्हंजी शिजवलेलं अन्न. पाच घरचं शिजवलेलं."

यावेळी मी हसले नाही. पाच घरचं. त्याच्या आईच्या टोपलीत सणाला येतं ते. पोरानं शब्द नीट फोडला होता. अर्थ त्यानं त्याच्या घरातून आणला होता.

"पाच गोडाचे पदार्थ," मी म्हणाले. "पाच घरांचे नव्हे. एकाच घरातले पाच."

"एकाच घरात पाच?" धोंडीनं विचारलं. "कशाला?"

पक्वान्नांची नावं मी तरी कुठं खाऊन शिकले होते? छावणीतल्या एका बाईनं सांगितली होती ती मी पोरांना सांगितली. श्रीखंड. बासुंदी. जिलबी. पुरणपोळी. बुंदीचा लाडू.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वाटेवर आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मास्तर, पोरांना पाट ठाऊक नाही. एक दिवस बघायला मिळेल का? परत करीन."

ते जरा घुटमळले. संध्याकाळच्या आत त्यांच्या गड्यानं एक जुना पाट आणून वाटेवर ठेवला. एक कोपरा तुटलेला. गडी म्हणाला, "मास्तर म्हणाले, परत पाठवू नका."

परत पाठवू नका. कारण आम्ही बसलेला पाट त्यांच्या घरात चालणार नव्हता. दिलं ते मनापासून होतं. त्यातच ते दुसरंही होतं. दोन्ही एकाच पाटावर.

पण पोरांना काय! त्यांनी पाटाला हात लावून बघितला. वास घेतला. एकेकजण त्यावर बसला, उठला, पुन्हा ओळीत उभा राहिला.

मग मी ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतच भाऊबीज करायची. नुसती करायची नाही. वाचून करायची. एकानं एक वाक्य वाचायचं आणि वाक्य सांगेल तेवढंच बाकीच्यांनी करायचं. न वाचलेलं कोणी करायचं नाही. वाचलेलं कोणी सोडायचं नाही.

धोंडीनं वाचलं, 'तिने अंगणात रांगोळी काढली.' पोरींनी भाताच्या तुसाची राख आणून ठिपके मांडले. 'तिने भावाला पाटावर बसविले.' सखूनं धोंडीलाच ओढत नेऊन बसवलं. 'तिने त्याला ओवाळिले.' तबक नव्हतं. सागाच्या पानावर पणती ठेवली. सखूनं तीनदा ओवाळलं. पण तेल सांडेल म्हणून इतकं हळू की धोंडी ओरडला, "लवकर गं, माझं पाय आखडलं!"

'भावाने तिला ओवाळणी घातली.' आता धोंडी उठून उभा राहिला. त्याच्याजवळ काही नव्हतं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "वाक्यात काय घातलं ते सांगितलेलं नाही. नीट वाच. नुसतं 'ओवाळणी घातली' आहे. काय घालायचं ते तुझ्यावर."

त्यानं पुन्हा वाचलं. बोट ठेवून. मग पडवीबाहेर पळाला आणि कण्हेरीचं एक फूल आणून सखूच्या पानावर ठेवलं.

आबा तोंडाशी बसून ऐकत होते. त्यांना दिसत नव्हतं, पण ते म्हणाले, "आता वाचताहेत पोरं."

त्या दिवसानंतर पोरं बदलली. कुठलंही वाक्य वाचलं की विचारायची. कोणी केलं? कशानं? का? धड्यात लिहिलं नसेल तर म्हणायची, "अक्का, हे लिहायचं राहिलंय." मला वाटलं, आता कोणीही येवो. डिपोटी येवो. लाटसाहेब येवो.

सुट्टीत पाट सखूनं घरी नेला होता. घरोघरची भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी डिपोटी आले. ठाण्याहून आगगाडीनं, पुढं बैलगाडीनं. आले आणि पहिल्यांदा काय झालं ते मी सांगितलंच.

आबा जोहार घालून बाजूला झाले. कारकुनानं पुस्तक उघडून लांबूनच जमिनीवर ठेवलं. "हा धडा वाचा."

तोच धडा. भाऊबीजेचा. पोरांची तोंडं उजळली. माझंही उजळलं असेल.

धोंडीनं वाचला. एकदाही अडला नाही. डिपोटींनी मान हलवली. "पाठ केलंय. मधलं वाक्य वाच. आता त्याच्या वरचं. आता शेवटचं." धोंडीनं सगळी वाचली.

"दुसरं कोणी. ती पोर. उठ."

सखू उठली.

"पाट म्हणजे काय गं?"

"बसायची फळी. लाकडाची. खाली चार पाय नसत्यात, दोन पट्ट्या असत्यात."

"पंचपक्वान्ने म्हणजे?"

"पाच गोडाचे पदार्थ. एकाच घरातले." तिनं पाची नावं सांगितली. बासुंदीपाशी जरा अडली, पण सांगितली.

"खाल्लीस का कधी बासुंदी?"

"नाही."

"मग जिलबी?"

"नाही."

डिपोटी हेडमास्तरांकडं वळले. "बघा. हे असं आहे. जे जिभेला ठाऊक नाही ते डोक्याला कुठून ठाऊक होणार? पोपट आहेत."

हेडमास्तर म्हणाले, "हं."

मग डिपोटी पुन्हा सखूकडं वळले. आवाज जरा मऊ केला. मांजराला बोलवावं तसा. "बरं, तुझ्या घरी परवा भाऊबीजेला काय झालं ते सांग. धड्यासारखं सांग."

मला कळलं, ते काय ऐकू इच्छितात. मी सखूकडं बघितलं. नको सांगूस, असं मी डोळ्यांनी म्हणत होते. सखू माझ्याकडं बघत नव्हती. ती ज्याच्याशी बोलते त्याच्याकडंच बघते.

तिनं हात मागं बांधले आणि सांगितलं.

"परवा भाऊबीज होती. आई पहाटे उठली. तिनं टोपली घेतली. ती गावात गेली. तिनं दारोदार दिवाळी मागितली. ती दुपारी आली. मग मी भावाला पाटावर बसवलं. मी त्याला ओवाळलं. भावानं मला सीताफळ घातलं. आईनं आम्हांला पाच घरचं वाढलं."

वाक्यं धड्यातल्यासारखी छोटी. एकही वायफळ नाही. धड्याला धडा जोडला होता पोरीनं. धड्यात ताई उठते, तिच्या घरात आई उठते. का, ते तिला ठाऊक होतं. पाच पक्वान्नं आणि पाच घरं यांतला फरक मी तिला शिकवला होता, आणि तिनं तो बरोबर जागी ठेवला होता. मी आयुष्यात त्याहून चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

कारकून पहिल्यांदा हसला. "पाच घरचं! वा! पंचपक्वान्नंच की!"

मग डिपोटी हसले. खुर्ची हलेपर्यंत. गाडीवान हसला. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी खाली बघितलं.

सखूलाही वाटलं आपण काही गमतीचं बोललो. तीही हसली. मग तिनं पोरांकडं बघितलं. पोरं हसत नव्हती. तिनं धोंडीकडं बघितलं. त्याचा चेहरा बघून तिला कळलं. कसं कळलं, काय कळलं, मला सांगता येणार नाही. ती खाली बसली आणि फडक्यात तोंड घालून बसून राहिली. मी जागची हलले नाही. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. चार पावलं होती. मी गेले नाही. साहेब समोर होते.

डिपोटींनी शेरेबुक मांडीवर घेतलं आणि लिहिलं. मोडीत, झरझर. तीन ओळी. मग कारकुनानं ते उघडं शेरेबुक आणून आबांपुढं मातीत ठेवलं. बोरू ठेवला.

"इथं सही कर. साहेबांनी चांगलं लिहिलंय."

आबांना अक्षर दिसत नव्हतं. ते गुडघ्यावर बसले. बोटानं कागद चाचपडायला लागले. "कुठं, मायबाप?"

"इथं रे, इथं."

मी पुढं झाले. आबांचा हात धरून जागेवर न्यावा म्हणून वाकले. आणि मी वाचलं.

'मुले घोकून म्हणतात. अर्थबोध नाही. ही शाळा पुढे चालविण्याचे कारण दिसत नाही.'

मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून. पोरांना सांगते तसं.

कारकुनाला वाटत होतं, ह्या बाईला ते काळे किडे दिसत असतील. आबांनी बोरू शाईत बुडवला होता. मी आबांचं मनगट धरलं.

"आबा, सही करू नका."

"काय झालं?"

मी मोठ्यानं वाचलं. तिन्ही ओळी. पोरांना ऐकू जाईल असं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

डिपोटी म्हणाले, "हिला मोडी येते?"

"मी शिकवलं, मायबाप," आबा म्हणाले. खाली बसूनच.

"आणि पोरांना कोण शिकवतं? तुला तर दिसत नाही."

मी म्हणाले, "मी शिकवते."

"कोणाच्या हुकमानं?"

याचं उत्तर हेडमास्तरांजवळ होतं. ते बोलले असते तर निदान एवढं झालं असतं की कोणीतरी बोललं. ते उपरणं नीट करत राहिले.

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिलंय अर्थबोध नाही. ते खोटं आहे. पोरीनं विचारलं त्याचं उत्तर दिलं. धड्यासारखं सांग म्हणालात, तिनं धड्यासारखं सांगितलं. तुम्हांला हसू आलं, कारण तुम्हांला कळलं. तुम्हांला कळलं म्हणजे तिनं नीट सांगितलं."

कारकून धावून आला. डिपोटींनी हात वर करून त्याला थांबवलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, मी निर्दय नाही. तू अज्ञानानं बोललीस. या पोरांसमोर माफी माग. मी शेवटची ओळ खोडतो. शाळा चालू राहील. तुझ्या बापाचं कामही राहील."

आबा म्हणाले, "माग, पोरी."

मी पोरांकडं बघितलं. चौदा पोरं. काही उभी राहिली होती. सखूनं फडकं तोंडावरून काढलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. माफी मागितली असती तर शाळा राहिली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. आजही कळतं. रोज कळतं.

पण मी माफी मागितली असती तर सखूनं काय वाचलं असतं? की तिचं उत्तर चुकलं होतं. तिचं घर चुकलं होतं. तिची आई पहाटे उठते ते चुकलं होतं.

मी म्हणाले, "मधली ओळ खोडा. मग मागते."

"मधली?"

"अर्थबोध नाही, ती."

डिपोटी उठले. शेरेबुक कारकुनानं काठीनं ओढून घेतलं, झटकलं. गाडीत बसण्याआधी डिपोटींनी त्यात आणखी काही लिहिलं. ते मला वाचता आलं नाही. पुढं कळलं. मास्तर आंधळा आहे, आणि त्याची मुलगी विनापरवानगी शिकवते आणि उद्धट आहे.

महिनाअखेरीला शाळा बंद झाली. हुकूम हेडमास्तरांनी आणला. वाटेवरूनच वाचून दाखवला.

वाड्यात माझ्याशी लोक नीट बोलेनासे झाले. मी त्यांना दोष देत नाही. सखूची आई पाण्यावर भेटली तेव्हा म्हणाली, "तुझ्या एका तोंडापायी चौदा पोरांची शाळा गेली. तुझं काय गं? तुला येतं वाचायला."

मी घागर भरत राहिले. खरं होतं ते.

आबा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी कोट घातला आणि म्हणाले, "अर्ज लिही. ठाण्याला जाऊ. सरकार काही एकटा डिपोटी नव्हे."

मी अर्ज लिहिला. मोडीत, चांगल्या जाड कागदावर. काय घडलं ते सगळं. सखूचं उत्तर शब्दाला शब्द लिहिलं. आबांचा विश्वास होता, वरचा साहेब वाचेल. पलटणीत अर्ज वर जायचा आणि उत्तर खाली यायचं.

ठाण्याला कचेरीच्या पायऱ्यांपाशी आम्हांला थांबवलं. सकाळपासून उभे होतो. दुपार टळली तेव्हा एक कारकून बाहेर आला. आबांनी सलाम ठोकला. कारकून म्हणाला, "कागद खाली ठेव आणि मागं हो."

मी पायरीवर ठेवला. मागं झाले.

त्यानं शिपायाला हाक मारली. शिपायानं तांब्या आणला. कागदावर पाणी शिंपडलं. विटाळ जावा म्हणून. थोडं नाही, चांगलं ओंजळभर. मग कारकुनानं कागद दोन बोटांनी उचलून उन्हात पायरीवर पसरला.

शाई फुटली. मी पाच पावलांवर उभी होते. आधी आबांचं नाव फुटलं. मग माझ्या ओळी एकमेकींत उतरल्या. सखूचं उत्तर मधोमध होतं. ते सगळ्यांत शेवटी गेलं.

"वाळला की आत नेतो," कारकून म्हणाला. "जा आता."

आबांनी विचारलं, "घेतला का गं अर्ज?"

मी म्हणाले, "घेतला."

आबांशी मी आयुष्यात तेवढंच खोटं बोलले. परतताना ते सबंध वाट सांगत होते, उत्तर यायला किती दिवस लागतील. पुढची दोन वर्षं ते त्या उत्तराची वाट बघत होते. वाट बघतच गेले.

मी काय करू शकत होते? दुसरा अर्ज लिहिला असता, तोही भिजला असता. ओरडले असते तर शिपायानं हाकललं असतं. माझ्याजवळ अक्षर होतं, आणि माझं अक्षर त्यांच्या पायरीवर टिकत नव्हतं. मी पुष्कळ दिवस तशीच पडून राहिले. चूल पेटवायची, आबांना वाढायचं, पुन्हा पडायचं.

उठले ते कशानं, तेही सांगते. धोंडीचा बाप एक दिवस कागद घेऊन आला. गावच्या तलाठ्यानं दिलेला. त्यावर त्यानं निशाणी करून टाकली होती. आणि आता विचारायला आला होता, यात काय लिहिलंय? मी वाचलं. नदीकाठचा त्याचा वतनाचा तुकडा त्यानं राजीखुशीनं सोडला, असं लिहिलं होतं. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "नाही गं, तलाठी म्हणाला नुसती हजेरी आहे." मी पुन्हा वाचून दाखवलं. मग तो माझ्या उंबऱ्यात बसला आणि त्याला उठता येईना.

त्या कागदाचं काही करता आलं नाही. तुकडा गेला. पण मला कळलं, मी पोरांना चुकीच्या जागेपासून शिकवत होते. आमचं पोर पुस्तकातली भाऊबीज समजून घ्यायला शिकलं, तरी ज्यानं त्याला पोपट म्हणायचं तो म्हणणारच. त्याच्या शेऱ्यासाठी आम्ही शिकायचं नाही.

आता मी शिकवते. शाळा नाही. हुकूम नाही. पुस्तक नाही. चार पोरं येतात, कधी सहा. धोंडी येतो. सखू येत नाही. ती आईबरोबर गावात जाते, टोपली आता तिच्या डोक्यावर असते. मी रोज तिच्या दारात जाते. तिची आई दार लावून घेते. मी उद्याही जाणार.

मी बाळबोध नंतर शिकवते. आधी मोडी. तलाठ्याचा कागद मोडीत असतो, सावकाराचा मोडीत असतो, आमच्या पोरांना अर्थबोध नाही हेही मोडीतच लिहिलं होतं. जे आमच्याविषयी लिहिलं जातं ते आधी वाचायचं. बोट ठेवून. कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि काय लिहायचं मुद्दाम सोडलं. शब्द लागला नाही तर विचारायचं. विचारायला माणूस नसेल तर कागद परत द्यायचा.

माझ्या हाताखालचं पोर न वाचता कुठंही निशाणी करणार नाही. त्यासाठी मला एकेका दारात जन्मभर उभं राहावं लागलं तरी मी राहणार.